फॉरमॅट करावे काय?

लीलाबाईंचा कार्यक्रम मंगळवारी दुपारी दीड वाजता लागणार असे वाहिनीकडून कळले, तेव्हा लीलाबाई ढाणकीला होत्या आणि टीव्ही दारव्ह्याला होता. साऱ्या भानगडीचे मूळ एवढेच. पुढचे जे काही झाले ते त्यांच्या नवऱ्याने, सदाशिवरावांनी, स्वतःच्या हाताने केले.

ढाणकीला लीलाबाईंची थोरली बहीण पंचफुलाबाई अंगणात घसरून पाय मोडून बसली होती, म्हणून लीलाबाई तिच्या सेवेला गेल्या होत्या. टीव्ही तिच्याकडेही होता आणि छपरावर डिशची छत्रीही होती, पण ती दुसऱ्या कंपनीची, आणि त्या कंपनीच्या सेटटॉप डब्यात नेमकी ही वाहिनी येत नव्हती. वाहिनी लहानशी. तिचा कार्यक्रम एकदा लागला की संपला. तो पुन्हा दाखवत नाहीत आणि मोबाईलवरही टाकत नाहीत.

कार्यक्रम सरगुंड्यांचा होता. भिजवलेल्या कणकेची बारीक पट्टी काडीवर गुंडाळायची, काडी काढून घ्यायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि शिजवून आमरसासोबत खायची, असा हा प्रकार. दारव्ह्यात लीलाबाईंच्या सरगुंड्यांचे मोठे नाव होते, आणि तेच पंचफुलाबाईंना खुपत होते. शिकवले त्यांनी आणि नाव झाले धाकटीचे. चार वर्षांपूर्वी एका लग्नात कोणीतरी खुद्द पंचफुलाबाईंच्याच ताटात सरगुंडे वाढून "हे खास लीलाबाईच्या हातचे, खाऊन तं पाहा" असे सांगितले होते. तेव्हापासून दोघी बहिणी बोलत होत्या, पण बोलण्यात खडा राहिला होता. म्हणून शूटिंगच्या वेळी लीलाबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहून थोरल्या बहिणीचे नाव गावासकट घेतले होते.

"तुमी ते भरून आना," लीलाबाई फोनवर म्हणाल्या. "मी बाईले किती सांगतलं, तुह्यं नाव घेतलं म्हनून. तर म्हनते, टीव्हीवाले कापतात. तिच्या कानावर टीव्हीतूनच पडलं पाह्यजे."

"भरून म्हंजे?"

"रेकॉर्ड. आपल्या डब्याले पेनड्राइव्ह लावला की होते म्हनतात."

"होऊन जाईन," सदाशिवराव म्हणाले. चौतीस वर्षे तालुक्याच्या कचेरीत लिपिक म्हणून त्यांनी हेच दोन शब्द लोकांना ऐकवले होते, आणि ऐकणारे त्यांना घाबरून असत.

शेजारच्या धरमसिंगांना बातमी कळायला वेळ लागला नाही, कारण सदाशिवराव फोनवर बोलत ते पलीकडच्या आळीलाही ऐकू जाई. धरमसिंगांची शेती तांड्यावर आणि घर दारव्ह्यात. त्यांनी लगेच ट्रॅक्टरच्या टेपात लावलेला पेनड्राइव्ह उपसून आणला.

"ह्यो घ्या, भाऊ. दोन वर्षं झाले, नांगरटीत धक्के खाऊन राह्यला. एक गानं अटकलं नाही."

डब्याला तो लावताच पडद्यावर अक्षरे आली, की या उपकरणाची गती पुरेशी नाही. सदाशिवरावांना ओशाळल्यासारखे झाले. त्यांच्याबद्दल हेच मत तीन साहेबांनी लेखी नोंदवले होते, पण इतक्या थोडक्यात कोणी नाही.

"गती कशी पुरत नाही? चौथ्या गेअरमधी वाजते," धरमसिंग म्हणाले. मग त्यांनी मोबाईलने टीव्हीचेच शूटिंग काढू असे सुचवले. सदाशिवरावांनी ते तिथल्या तिथे नामंजूर केले. झेरॉक्सची झेरॉक्स कुठे चालत नाही, मूळ प्रतच लागते, असे त्यांचे म्हणणे पडले. धरमसिंगांनी मोबाईल खिशात ठेवला, आणि तो तिथेच राहिला याचे सदाशिवरावांना पुढे फार वाईट वाटले.

मग दोघे संगीताच्या दुकानात गेले. संगीता बसस्टँडजवळ मोबाईल, चार्जर आणि डिशचे सामान विकायची, आणि दारव्ह्यात कुणाचा टीव्ही रुसला की लोक तिलाच गाठायचे. सदाशिवरावांना मोठी हार्डडिस्क पाहिजे होती, कारण सरकारी माणसाला जाड फाईल विश्वासाची वाटते. संगीताने नाही म्हटले.

"काका, हार्डडिस्कले करंट जास्त लागते. तुमचा डबा जुना हाय, तो तिले पोसू शकत नाही. आत टकटक वाजन आन डबा बंद पडून पडून चालू होईन. पेनड्राइव्हच घ्या. पन असा," तिने एक पेनड्राइव्ह उघडून दाखवला, "ज्याची जीभ आतून निळी हाय. तो पळते. चौसष्ट जीबी लय झाला, अर्ध्या घंट्याच्या कार्यक्रमाले दोन-तीन जीबी लागन."

"हे लेखी देता येईन का?" सदाशिवरावांनी विचारले.

संगीताने पावतीच्या मागे 'निळी जीभ' असे लिहून दिले, तेव्हा त्यांचे समाधान झाले.

घरी आल्यावर कळले की रेकॉर्डिंगची सोय आधी कंपनीला सांगून चालू करून घ्यावी लागते. सदाशिवरावांनी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला, बावीस मिनिटे बासरी ऐकली आणि मग एका मुलीला विषय, संदर्भ आणि मागणी या क्रमाने सगळे सांगितले. ती म्हणाली, "सर, कनेक्शन लीला मॅडमच्या नावावर आहे. ग्राहकांनी स्वतः बोलायला पाहिजे."

"मी त्यांचा नवरा आहे."

"हो सर. पण ग्राहक स्वतः पाहिजेत."

अर्जदार स्वतः हजर पाहिजे, हे वाक्य सदाशिवरावांनी आयुष्यात किती म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगितले असेल याचा हिशेब नव्हता. ते दुसऱ्या बाजूने कसे ऐकू येते हे त्यांना प्रथमच कळले. धरमसिंगांच्या फोनवर ढाणकीहून लीलाबाई आणि आपल्या फोनवर कंपनीची मुलगी, असे दोन्ही फोन एकमेकांना तोंड लावून त्यांनी टेबलावर ठेवले. मग लीलाबाईंनी आपली जन्मतारीख सांगितली, जी सदाशिवरावांना माहीत असलेल्या तारखेपेक्षा दोन वर्षांनी वेगळी निघाली, आणि सोय चालू झाली.

निळ्या जिभेचा पेनड्राइव्ह लावल्यावर डब्याने विचारले: "उपकरण योग्य फॉरमॅटमध्ये नाही. फॉरमॅट करावे काय?"

हे वाचून सदाशिवराव खुर्चीत सरळ बसले. फॉरमॅट हा त्यांच्या जिव्हाळ्याचा शब्द. कचेरीत फॉरमॅट म्हणजे विहित नमुना. त्यात नसलेला कागद त्यांच्या टेबलावरून कधी पुढे सरकला नव्हता. एका शिपायाचा आजारपणाचा अर्ज नमुन्यात नाही म्हणून त्यांनी तीनदा परत केला होता. चौथ्यांदा तो बरोबर आला तेव्हा शिपाई ठणठणीत बरा झाला होता, आणि बऱ्या माणसाला आठ दिवस रजेवर पाठवावे लागले होते.

"पाहा धरमसिंग," ते म्हणाले, "याले म्हनतात शिस्त. कंपनी खासगी, पन काम नमुन्यातच घेते." आणि त्यांनी 'होय' दाबले. पेनड्राइव्ह कोरा होता. त्याचे काही बिघडले नाही, आणि हीच मोठी वाईट गोष्ट झाली.

मंगळवारी एक वाजता सदाशिवरावांनी पंखा बंद केला. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जाईल अशी त्यांची समजूत होती. धरमसिंगांना खोकला होता, त्यांना उंबऱ्याबाहेर बसवले. एक वाजून सोळा मिनिटांनी वीज गेली.

धरमसिंगांनी याची तजवीज करून ठेवली होती. तांड्यावरच्या लग्नात लाऊडस्पीकर चालवायला त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा एक इन्व्हर्टर होता. त्यांनी ट्रॅक्टर थेट ओट्याला आणून लावला, बॅटरीला वायरी जोडल्या, खिडकीतून वायर आत घेतली आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवले. टीव्ही लागला, डबा लागला, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. फक्त ऐकू काही येत नव्हते.

"आवाज आत जाईन," सदाशिवराव खिडकीतून ओरडले.

"काय म्हनता?" धरमसिंगांनी ट्रॅक्टरवरून विचारले.

अर्धा तास लीलाबाई पडद्यावर कणीक मळत, काडी फिरवत, हसत काहीतरी बोलत राहिल्या, आणि त्यांच्या तोंडून ट्रॅक्टर ऐकू येत राहिला. पंचफुलाबाईंचे नाव आले की कापले, हे सदाशिवरावांना कळले नाही. चार वर्षांची बहिणी-बहिणींची बाब होती आणि ती त्यांच्या हातात दिली होती.

चार वाजता वीज आल्यावर त्यांनी रेकॉर्डिंग लावले. ट्रॅक्टरचा आवाज त्यात मुळीच नव्हता. डबा खोलीतले काही घेत नाही, फक्त वरून छत्रीत येते तेवढेच घेतो, हे त्यांना तेव्हा उमगले, आणि पंख्याविना काढलेल्या दुपारचे वाईट वाटले. लीलाबाईंचा आवाज स्वच्छ होता, आणि एकोणिसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "हे काही मी घरी बसून शिकलो नाही. माह्या मोठ्या बहिनीनं हात धरून शिकवलं. पंचफुलाबाई गावंडे, ढाणकी. नाव माह्यं झालं, पन हात तिचा हाय."

कापले नव्हते. सदाशिवरावांनी ते मागे घेऊन पुन्हा ऐकले, डोळे पुसले, पुन्हा ऐकले.

बाराव्या मिनिटाला मात्र वेगळेच निघाले. निवेदिकेने विचारले, घरच्यांची मदत होते का? लीलाबाई म्हणाल्या, "होते तं. एकदा आमच्या सायबाले वाळवनाची राखन दिली होती. पेपर वाचता वाचता त्याईले झोप लागली, आन बकरी अर्धं वाळवन खाऊन गेली. उठल्यावर मलेच म्हनतात, लीला, राखायचं म्हनून तू लेखी कुठी दिलं होतं?"

निवेदिका हसली होती, कॅमेरा हलला होता म्हणजे कॅमेरावालाही हसला होता. धरमसिंग तर भिंतीला टेकले. "बकरी कोनाची होती, भाऊ?" त्यांनी विचारले, आणि पुढचे दोन दिवस भेटेल तो माणूस सदाशिवरावांना हेच विचारू लागला. ढाणकीला तर पंचफुलाबाईंनी गल्लीतल्या बाया जमवायचे ठरवल्याचे लीलाबाईंनी फोनवर कळवले होते. सदाशिवराव पेनड्राइव्ह घेऊन संगीताकडे गेले.

"यातलं बाराव्या मिनिटाचं थोडंसं काढता येईन काय?"

"नाही येत, काका. ते कुलपात असते. तुमच्या डब्याचं कुलूप."

कुलपात आहे हे ऐकून त्यांना उलट बरे वाटले. माल सुरक्षित होता. तो ढाणकीला न्यायचा आहे हे त्यांनी सांगितले नाही, कारण संगीताने विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय माहिती द्यायची नाही ही त्यांची नोकरीभराची सवय होती.

शुक्रवारी सकाळी ते निघाले. पेनड्राइव्ह रुमालात, रुमाल चष्म्याच्या डबीत आणि डबी बंडीच्या आतल्या खिशात. धरमसिंगांनी मोबाईल त्याच्याजवळ ठेवू नका म्हणून सांगितले होते, म्हणून मोबाईल पिशवीत कपड्यांखाली. एसटीने उमरखेड आणि तिथून जीपने ढाणकी. जीपमध्ये मांडीवर दुसऱ्याचे पोते आणि खिडकीशी तिसऱ्याचा कोपर, पण सदाशिवरावांचा हात सारा वेळ छातीवर होता. शेजारच्या म्हाताऱ्याने दोनदा विचारले, दुखून राह्यलं काय?

पंचफुलाबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. गल्लीतल्या सात-आठ बाया सतरंजीवर होत्या, लीलाबाईंनी नवी साडी नेसली होती. त्यांनीही कार्यक्रम अजून पाहिला नव्हता.

"या जवाईबापू," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आनलं काय माह्यं नाव?"

"आनलं," सदाशिवराव म्हणाले. त्यांनी चहा नाकारला, चष्मा लावला, डबी उघडली, रुमाल उलगडला आणि साऱ्यांसमोर पेनड्राइव्ह त्या घरच्या डब्याला लावला.

पडद्यावर अक्षरे आली: "उपकरण योग्य फॉरमॅटमध्ये नाही. फॉरमॅट करावे काय?"

"काय म्हनते तो?" लीलाबाईंनी विचारले.

"काही नाही. कंपनी बदलली की नमुना बदलते. यांच्या नमुन्यात करून घेतो," सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी 'होय' दाबले.

एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेली. ती पूर्ण भरली तेव्हा एका बाईने पदर सावरला. डब्याने कळवले की उपकरण तयार आहे आणि त्यात एकही रेकॉर्डिंग नाही. सदाशिवरावांनी पेनड्राइव्ह काढून फुंकर मारून पुन्हा लावला. मग पिशवीच्या तळातून मोबाईल काढून संगीताला फोन केला.

"काका, फॉरमॅट म्हंजे पुसून कोरं करनं," संगीता म्हणाली. "तिथी ते तसंही दिसलं नसतं, तुमच्याच डब्यावर दिसते. पन 'नाही' म्हनून परत आनलं असतं तं इथी पाह्यता आलं असतं. आता काही नाही राह्यलं."

हे सारे खोलीत ऐकू गेले, कारण सदाशिवरावांचा फोनही त्यांच्यासारखाच मोठ्याने बोलत असे. लीलाबाई नव्या साडीत भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या. सदाशिवरावांना अतिशय लाज वाटली, इतकी की बसावे की उभे राहावे हेही सुचेना.

"मले ठाऊकच होतं," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "नाव कापलं असन. आता तोंड कसं दाखवावं, म्हनून पुसून टाकलं."

"बाई, शपथ घेतो," सदाशिवराव म्हणाले. "एकोनिसाव्या मिनिटाले नाव हाय. मी आठ वेळा पाह्यलं."

"कागद हाय काय काही?"

कागद नव्हता. कागदाशिवाय माणसाचे ऐकून घेऊ नये, या नियमावर आयुष्य काढलेला माणूस आज कागदाशिवाय उभा होता. सदाशिवरावांनी घसा साफ केला.

"मग मी सांगतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून. कार्यक्रम एक वाजून बत्तीस मिनिटांनी सुरू झाला. निवेदिका आली, साडी मोरपंखी. ती म्हनली, आज आपन दारव्ह्याच्या लीलाताईंना भेटू."

आणि त्यांनी सगळा कार्यक्रम सांगितला. निवेदिकेचे शब्द निवेदिकेचे, लीलाबाईंचे लीलाबाईंचे, मधल्या जाहिराती कोणत्या तेही. कणकेला पाणी किती, काडी कोणत्या हाताने फिरवायची, कॅमेरा कुठे जवळ गेला, काही सुटले नाही. फक्त बाराव्या मिनिटावरून ते सरळ तेराव्यावर गेले. बाया गप्प ऐकत होत्या. लीलाबाईंनी भिंतीकडून तोंड वळवले होते आणि त्या नवऱ्याकडे असे पाहत होत्या, जणू त्या कार्यक्रमातले त्यांना आताच कळत होते.

पंचफुलाबाईंनी मात्र मान हलवली. "लय चांगलं सांगतलं. पन नाव तं तुमी इथी बी घालू शकता. बायकोची बाजू कोन नाही घेनार?"

सदाशिवराव थांबले. सतरंजीवरच्या बायांकडे त्यांनी एकदा पाहिले. मग चष्मा काढून हातात धरला.

"बाराव्या मिनिटाचं एक राह्यलं," ते म्हणाले. आणि राखण, पेपर, झोप, बकरी, सगळे सांगून शेवटी लीलाबाईंच्या सुरात म्हणाले, "लीला, राखायचं म्हनून तू लेखी कुठी दिलं होतं?"

आधी कोपऱ्यातली एक बाई हसली, मग साऱ्या. पंचफुलाबाई इतक्या हसल्या की प्लास्टरचा पाय पलंगावर हलला आणि त्यांना कळ आली, तरी त्या हसतच राहिल्या. सदाशिवराव मान खाली घालून उभे होते. हसू ओसरल्यावर पंचफुलाबाईंनी डोळे पुसले.

"हे मातर टीव्हीवर आलंच असन," त्या म्हणाल्या. "आपल्या इरुद्ध एवढं कोनी घरून बनवून आनत नाही."

धाकटीचा हात त्यांनी कधी धरला होता ते कोणाच्या लक्षात आले नाही.

"म्हंजे नाव बी आलंच असन," त्या हळू म्हणाल्या. "जवाईबापू, एक डाव पुन्हा सांगा. माह्यं नाव येते तिथचं. नुसतं नाव घेतलं का गाव बी घेतलं?"

"गाव बी," सदाशिवरावांनी चष्मा पुन्हा लावला. "पंचफुलाबाई गावंडे, ढाणकी, तालुका उमरखेड."

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. तालुका त्यांनी घेतला नव्हता. तो सदाशिवरावांनी आपल्या पदरचा घातला होता.